नाटक बिघडवायचंय? आधी ते नीट बसवा

मे महिन्यात आमच्या वाडीतल्या वार्षिक सत्यनारायणाच्या पूजेला आमच्या घरच्या मंडळाने नाटक केलं. तेव्हापासून कुडाळ, मालवण, देवगड भागातल्या चार-पाच वाड्यांमधून फोन आले. प्रश्न सगळ्यांचा एकच, "ता पडद्यामागचा नाटक तुमी कसा बसवल्यात? आमका पण करूचा आसा."

प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगून झालं. मग आमच्या संपादकांना विचारलं, यावरच लिहू का? ते म्हणाले, लिहा. म्हणून एरवी काजूचा दर, रस्त्याचे खड्डे आणि हत्तींच्या बातम्या देणारा मी आज नाटकावर लिहितोय. मी काही नाट्यसमीक्षक नाही. आमच्या मंडळात मी पंधरा वर्षं सामान उचलतो आणि वही सांभाळतो. त्या वहीतलंच सांगतो.

पडद्यामागचं नाटक म्हणजे एखादं मंडळ नाटक करतंय, आणि ते करताना मागे जो गोंधळ होतो तोच आपलं नाटक. लोकांना दोन नाटकं एका वेळी दिसतात. पुढे राजा सिंहासनावर बसून मोठमोठं बोलतोय आणि मागे त्याची तलवार शोधणारे दोघं एकमेकांच्या उरावर बसलेत.

आपल्या भागात हे कोणाला नवीन नाही. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' हे त्यातलंच. गावातली माणसं महाभारताचं नाटक करायला निघतात आणि पुढे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. गवाणकरांनी आधी ते 'आज काय नाटक होवचा नाय' या नावाने केलं होतं. 1980 साली ते 'वस्त्रहरण' म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच केला आणि पाच हजारांच्या वर प्रयोग झाले. लंडनलाही जाऊन आलं.

त्याच लंडनमध्ये 1982 साली मायकेल फ्रेन या लेखकाचं 'नॉइझेस ऑफ' नावाचं नाटक आलं. तेही याच जातीचं. फ्रेन 1970 मध्ये स्वतःचंच एक नाटक विंगेत उभा राहून बघत होता. पुढून बघताना जेवढं हसू येतं त्यापेक्षा मागून बघताना जास्त येतं हे त्याच्या लक्षात आलं. माणसं धावत मागे येतात, कपडे बदलतात, परत तोंड सरळ करून पुढे जातात. त्यावर त्याने नाटक लिहिलं. पहिल्या अंकात तालीम, दुसऱ्यात सगळा सेट उलटा फिरवून मागची बाजू, तिसऱ्यात दौऱ्याच्या शेवटी पूर्ण वाट लागलेला प्रयोग. तिन्ही वेळा आतलं नाटक तेच.

आपल्याकडच्या माणसाला विंगेत उभं राहायची पण गरज नाही. जत्रेत दशावतार बघायला गेलेलं प्रत्येक पोर आधी रंगपटात डोकावून येतं. पेटाऱ्यावर आरसा ठेवून स्वतःच तोंड रंगवणारा, लुगडं नेसता नेसता विडी ओढणारा, असा राजा-राणीचा मागचा अवतार आपण लहानपणापासून बघितलेला आहे. म्हणून हे नाटक आपल्या लोकांना कळायला वेळ लागत नाही.

आमच्यावर ही वेळ का आली

आमचं मंडळ आजोबांनी काढलं. ते मुंबईत गिरणीत होते. परळच्या दामोदर हॉलमध्ये गिरणी कामगारांची नाटकं व्हायची, तिथे ते सामान लावायला जायचे. 1982 च्या संपानंतर कायमचे गावी आले. येताना बरोबर एक पडदा, दोन मुकुट आणि एक पत्र्याची ट्रंक होती. तेव्हापासून पूजेला नाटक आमच्या घराण्याचं, असा वाडीत पायंडा पडला. राम कोणाच्या घरातला, पेटी कोण वाजवणार, पडदा कोण ओढणार, हे जमिनीच्या सातबाऱ्यासारखं ठरलेलं.

पूर्वी पंचवीस माणसं होती. आज गावात राहणारी आणि स्टेजवर उभी राहतील अशी नऊ आहेत. बाकीची मुंबई-पुण्याला आणि तरुण पोरं गोव्यात कामाला. दोन वर्षं नाटक झालंच नाही, पूजेला ऑर्केस्ट्रा आणला. यंदा फेब्रुवारीत खळ्यात बैठक झाली तेव्हा विषय असा होता की पडदा आणि ट्रंक शाळेला देऊन टाकायची का. कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. शेवटी माझा चुलतभाऊ म्हणाला, नऊच माणसं आहेत तर नऊ माणसांच्या मंडळाचंच नाटक करूया. एकेकाला तीन भूमिका, मागे धावपळ, कपड्यांची अदलाबदल. माणसं कमी आहेत हीच गोष्ट.

नाटक त्यानेच लिहिलं. एका वाडीतलं घरचं मंडळ सीतास्वयंवर करतंय आणि सगळं बिघडत जातं, एवढंच कथानक.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. आतलं नाटक सगळ्या गावाला तोंडपाठ असलेलं पाहिजे. फ्रेनला पहिला अख्खा अंक तालमीत घालवावा लागला, कारण आतलं नाटक लोकांना माहीतच नव्हतं. आधी सरळ दाखवल्याशिवाय वाकडं झालेलं कळणार कसं? गवाणकरांनी द्रौपदी घेतली, तिथे हा प्रश्नच आला नाही. सीतास्वयंवरात धनुष्य मोडणार, राम जिंकणार, सीता माळ घालणार, हे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे धनुष्य मोडत नाही म्हटल्यावर लोक आपोआप हसतात. नवीन सामाजिक नाटक आतमध्ये घालायचा मोह होतो. नका घालू.

(रावणाचं काम करणाऱ्याने रुसून खरंच धनुष्य मोडलं आणि मग जनकाने "हे खोटं, खरं आत आहे, ते आणा" म्हणून वेळ मारून नेली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आमच्याच गावात घडली असं प्रत्येक गाव सांगतं. आमचंही.)

चुका पाठ कराव्या लागतात

फोनवर सगळ्यांचा एक गैरसमज दिसला. "या नाटकात चुकलं तरी खपतं, त्यामुळे तालीम कमी लागते." उलटं आहे हो! साध्या नाटकात कोणी वाक्य विसरला तर प्रॉम्प्टर सांभाळून घेतो. इथे एका चुकीवर दुसरी टेकलेली असते. खोटी चूक झाली नाही तर पुढची चार मिनिटं उभीच राहत नाहीत.

आमच्यातलं उदाहरण देतो. सीतेची वरमाला विंगेत खिळ्याला लावलेली असते. मंडळातला एक भाविक म्हातारा ती गणपतीच्या तसबिरीला घालतो, कारण त्याला वाटतं ती त्यासाठीच आणलीय. सीतेची वेळ होते, माळ सापडत नाही. ती घाईत दारावरचं आंब्याचं तोरण ओढून घेते आणि तेच रामाला घालते. तोरणाचं दुसरं टोक मागच्या पडद्याच्या बांबूला बांधलेलं राहिलंय. राम नमस्कार करून पुढे चालायला लागतो आणि मागचा पडदा खाली येतो. पडद्यामागे रावण दहा तोंडांच्या फळीसकट चहा पीत बसलेला. आता सांगा, पहिल्या म्हाताऱ्याने माळ तसबिरीला घातलीच नाही तर? सीता सरळ माळ घेऊन बाहेर येणार आणि रावण मागे चहा पीत बसून राहणार, कोणाला न दिसता.

म्हणून आम्ही तालीम दोन भागांत केली. शिमगा झाल्यावर सुरुवात, रात्री नऊ ते अकरा, दिवसा काजू गोळा करून झाल्यावर. पहिले पंधरा दिवस सीतास्वयंवर सरळ बसवलं. एकही विनोद नाही. पेटीवर पदं, खणखणीत वाक्यं, सगळं आजोबांच्या वेळचं. तालमीला येऊन बसणाऱ्या बायका म्हणायला लागल्या, हे तर चांगलं चाललंय, विनोदी कुठे आहे? तेव्हा मी ओळखलं की आता चुका घालायला हरकत नाही. बरोबर काय ते अंगात मुरलं नसेल तर चूक करता येत नाही, नुसता गोंधळ होतो.

मग रोज दोन चुका. प्रत्येकीला नंबर. शेवटी सदतीस झाल्या. तालीम बघणारी पोरं रस्त्यात भेटली की विचारायची, "आज चौदा नंबर जमली का?"

वही कशी लिहायची ते सांगतो, कारण फोनवर हे कोणाला नीट कळलं नाही. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर 'पुढे', उजव्या पानावर 'मागे'. डावीकडे स्टेजवरची वाक्यं लिहायची. त्याच ओळीला समोर उजवीकडे त्या वेळी विंगेत कोण आहे, हातात काय आहे, कुठून कुठे जातोय ते. वस्तूंची नावं लाल पेनाने. माळ, तोरण, चहाचा ग्लास, गदा, धनुष्य एक, धनुष्य दोन. प्रत्येक अंकाआधी एकच माणूस लाल शब्द वाचत जाऊन वस्तू जागेवर आहेत का बघणार. ते काम मी केलं. दोन माणसांना दिलं की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने बघितलं.

आणि नटांना एकच गोष्ट परत परत सांगावी लागली. हसवायचं नाही. नाटकातल्या त्या मंडळींना आपलं नाटक चांगलं व्हावं असं मनापासून वाटत असतं, जीव तोडून ते सांभाळत असतात, म्हणून बघणाऱ्याला हसू येतं. जो नट डोळा मारतो किंवा स्वतःच फिदीफिदी हसतो त्याने सगळ्यांचं नाटक बुडवलं. आमच्या रावणाला हे पटायला तीन आठवडे लागले. एका दिवशी त्याला सांगितलं, तू आज खरा रावण कर, शंकराची स्तुती मनापासून म्हण, तोंडं अडकतील तिकडे अडकू दे. त्या दिवशी पेटीवाल्याला हसू आवरेना.

रावणाच्या तोंडांचं माप सहा फूट, विंगेची वाट चार फूट. तो दरवेळी खेकड्यासारखा आडवा येतो. यात काही ठरवून केलेलं नव्हतं, सुताराने फळी मोठी केली. ती तशीच ठेवली.

स्टेज आणि धनुष्य

'नॉइझेस ऑफ'मध्ये सेट गोल फिरवतात. आपल्याकडे मांडवात ते शक्य नाही. आम्ही काय केलं, चोवीस फुटांचं स्टेज उभं विभागलं. डावीकडचा सोळा फुटांचा भाग म्हणजे 'स्टेज', उजवीकडचा आठ फुटांचा भाग म्हणजे 'विंग', आणि मध्ये बांबूला तिरका पडदा. लोकांना दोन्ही बाजू एकदम दिसतात. पडदा तिरका का, तर सरळ लावला तर एका बाजूला बसलेल्यांना दुसरी बाजू दिसत नाही. तालमीत चार कोपऱ्यांत चार पोरं बसवा आणि प्रत्येकाला विचारा, काय दिसत नाही? पोरं खरं सांगतात.

डाव्या भागावर भरपूर लाइट आणि उजवीकडे एकच पिवळा बल्ब ठेवला, त्यामुळे कुठे बघायचं ते लोकांना समजतं. माइक फक्त डावीकडे टांगा. मग उजवीकडे बोललेलं काही ऐकू जाणार नाही, आणि तेच पाहिजे. पुढे नाटक चालू असताना मागची माणसं मोठ्याने बोलणार नाहीत. विंगेतलं भांडण सगळं हातवाऱ्यांवर. फ्रेनच्या दुसऱ्या अंकातही मागची माणसं जवळजवळ मुकीच असतात. हे मुकं काम बसवायला आम्हाला सगळ्यात जास्त दिवस लागले.

धनुष्यं दोन लागतात, एक मोडणारं आणि एक न मोडणारं. आधी आम्ही पीव्हीसी पाइपचं केलं. ते तालमीत फुटलं आणि तुकडा उडून लक्ष्मणाच्या गालाला लागला, डोळा थोडक्यात वाचला. पाइप वापरू नका. पोकळ बांबू मध्ये करवतीने कापा, आत लाकडी खुंटी सैल बसवा, वरून रंगीत कागद. हाताने वाकवलं की कट्ट आवाज करून दोन तुकडे होतात आणि पुन्हा जोडता येतात. न मोडणारं मात्र खरं, भरीव काठीचं. ते रामाच्या हातात येतं ही चूक नंबर बावीस. रामाने ते खरंच मोडायचा प्रयत्न करायचा, नाटकी करायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे खांदे दुखले तर समजा काम चांगलं झालं. रावण पडतो तिथे खाली भाताचा पेंढा आणि वर गोणपाट, रंगवलेलं.

जोरात सांगायची एक गोष्ट आहे, इतर सगळं विसरलात तरी ही विसरू नका. या नाटकात खरोखर काही झालं तर लोक हसतात. कोणी पडून डोकं फुटलं, वायरीतून धूर आला, तरी समोरच्यांना वाटणार हा पण विनोद. म्हणून आधी एक खूण ठरवा. आमची अशी होती की खरा प्रसंग आला तर पेटीवाला सगळं सोडून एकच सूर धरून ठेवणार, सगळे नट आहेत तिथे बसणार आणि निवेदक माइकवर सांगणार. तीन वेळा याचीही तालीम केली. गरज पडली नाही. लाइट एकदा गेली, पण जनरेटर लगेच सुरू झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं ते आम्हीच केलं.

कागदपत्रं

हे थोडक्यात. दुसऱ्याचं नाटक करत असाल तर लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घ्या. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं हक्क त्यांच्याकडे असतो. हौशी मंडळाने तिकीट न लावता फुकट प्रयोग केला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे, पण फोन करून विचारण्यात आपलं काही जात नाही, आणि संहितेत फेरफार करायचे असतील तर विचारलंच पाहिजे. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नवीन नाटक असेल तर संहिता लवकर पाठवा, आदल्या आठवड्यात धावपळ करू नका. लाउडस्पीकरची परवानगी पोलिसांकडून. रात्री दहाला तो बंद. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातल्या ठराविक दिवसांनाच मिळते, त्यात आपली पूजा बसत नाही. आम्ही साडेसातला नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं आणि पावणेदहाला नाटक संपवलं. चाकरमान्यांना जेवायला उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळी.

घरातली गोष्ट स्टेजवर

आता जे फोनवर कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. दोघांनाही विचारून लिहितोय.

घरच्या मंडळाचं घरच्या मंडळावरच नाटक लिहायचं म्हणजे माणसं ओळखू येणारच. चुलतभावाने संहिता पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा त्यात दोन भाऊ होते. एक प्रॉम्प्टर आणि एक पडदा ओढणारा. दोघं एकाच विंगेत उभे, पण एकमेकांशी बोलत नाहीत. काही सांगायचं तर मधल्या पोराला सांगायचं, "त्याला सांग." पोरगा दोन पावलं चालून तेच परत सांगणार. वाचन चालू असताना सगळे हसत होते, इथे आल्यावर सगळे गप्प झाले.

माझे थोरले काका आणि धाकटे काका अकरा वर्षं बोलत नाहीत. वाटणीत काजूची एक बाग आहे, तिचा बांध कुठे यावरून. एकाच अंगणातून दोघं जातात. मंडळात मात्र दोघांची कामं ठरलेली. धाकटे काका तीस वर्षं प्रॉम्प्टर आणि पडदा थोरल्यांचा. नाटक चालू असताना ते असेच पोराकडून निरोप देतात. चुलतभावाने काही रचलं नव्हतं, जे बघितलं ते लिहिलं.

ठेवायचं की काढायचं यावर आम्ही दोन दिवस घालवले. मी म्हणालो काढ. गावासमोर घराची लाज कशाला? चुलतभाऊ म्हणाला, गावाला माहीत नाही असं काय आहे त्यात? शेवटी ठरलं की विचारायचं, दोघांना वेगवेगळं. धाकटे काका वही बघून म्हणाले, "बरोबर लिवलंस," आणि गुरांकडे गेले. थोरल्या काकांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "ठेव. पण ता काम मीच करतलंय." त्यामुळे दोघंही स्वतःचंच काम करायला स्टेजवर उभे राहिले. विंग तर लोकांना दिसणारच होती.

दुसरा एक सीन मात्र गेला. दारू पिऊन रंगपटात झोपणाऱ्या नटाचा. तो ज्याच्यावरून लिहिला होता त्याच्या बायकोने हात जोडले, हे नको. चार मिनिटांचा भाग होता आणि अख्ख्या नाटकात सगळ्यात जास्त हशा त्यालाच आला असता. काढला. तुम्ही तुमच्या वाडीवर लिहाल तेव्हा अशी माणसं निघणारच. लिहायच्या आधी नसेल तर निदान पहिल्या वाचनानंतर त्यांच्या घरी जाऊन या. आणि नाही म्हणाले तर वाद घालू नका. नाटक एका रात्रीचं असतं आणि त्या बाईला रोज त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं.

प्रयोगाच्या रात्री अठ्ठाविसाव्या चुकीपर्यंत सगळं वहीप्रमाणे गेलं. एकोणतिसाव्या चुकीला आतल्या नाटकाचा पडदा अर्ध्यावर येऊन थांबायचा होता. तो हललाच नाही. सुंभाची जुनी दोरी कप्पीत अडकली होती. ही चूक वहीत नव्हती. थोरले काका ओढताहेत, कपाळावर घाम, पुढे राम तिसऱ्यांदा तेच वाक्य बोलतोय. निरोप देणारं पोरगं त्या वेळी कपडे बदलायला मागे गेलेलं. मी लाल शब्दांची वही हातात धरून नुसता उभा. पुढच्या आठ चुका त्या पडद्यावर होत्या.

आणि धाकटे काका बोलले. "दादा, डावी दोरी. डावी सोड आधी."

थोरल्यांनी डावी सोडली. पडदा धाडकन अर्ध्यावर आला.

मांडवात एवढा हशा झाला की पेटी ऐकू येईना. दीड तास न बोलणारे दोघं भाऊ बोलले, लोकांना वाटलं किती छान लिहिलंय. वाडीतली जी माणसं जवळून ओळखतात ती मात्र हसली नाहीत. माझी आई पुढच्या रांगेत होती. तिने पदर तोंडाला लावलेला मला वरून दिसला.

दुसऱ्या दिवसापासून दोघं बोलायला लागले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालेलं नाही. बागेची मोजणी व्हायची आहे आणि अंगणातून दोघं पूर्वीसारखेच जातात. पण हिशोबाच्या बैठकीला दोघंही आले. शाळेला पडदा द्यायचा विषय कोणी काढला नाही. एकूण खर्च सव्वीस हजार झाला, तो वर्गणीतून भागला आणि अकराशे शिल्लक राहिले. त्यातून नायलॉनची दोरी घ्यायची असं ठरलं. चार दिवसांनी धाकट्या काकांनी कुडाळहून ती आणली आणि थोरल्यांच्या पडवीत ठेवून गेले.

ज्यांना वही बघायची आहे त्यांनी भातकापणीच्या आधी या, नंतर मी घरी सापडणार नाही. वहीचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागू नका, लाल अक्षरं त्यात नीट दिसत नाहीत. धनुष्याची खुंटी कशी बसवली ते सुतारच दाखवेल. तो वाडीतच असतो, दुपारी सोडून कधीही.